अनुदान चित्रपटाला, पडद्याचे काय? महाराष्ट्र शासनास खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
तसेच मा. गृहमंत्री व मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : तालुक्याच्या गावांतील बंद पडलेल्या व बंद पडत चाललेल्या सिनेमागृहांबाबत.

सन्माननीय महोदय,

एखाद्या मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये पुरेसे खेळ मिळाले नाहीत की आपल्या राज्यात एक ठरलेला क्रम सुरू होतो. निर्माता पत्रकार परिषद घेतो, एखादा पक्ष काचा फोडण्याचा इशारा देतो, मंत्रालयात बैठक लागते, प्राइम टाइमचा विषय निघतो, समिती नेमली जाते आणि पुढच्या शुक्रवारी नवे चित्रपट आले की सगळे शांत होते. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सला प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे करण्याची घोषणा झाली होती, तेव्हाही असेच घडले. ओरड झाल्यावर प्राइम टाइमची वेळ दुपारी बारापासून धरण्यात आली आणि दोन्ही बाजूंनी आपापला विजय जाहीर केला. त्याही आधी, १९७१ साली, ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळावी म्हणून शिवसेनाप्रमुखांना मध्ये पडावे लागले होते. म्हणजे हे भांडण अर्धशतकाहून जुने आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांतले भांडण आहे, जिथे पडदे आहेत आणि त्यांवर कोणाचा किती हक्क एवढाच प्रश्न आहे. मी ज्या महाराष्ट्रातून हे पत्र लिहीत आहे, तिथे हक्क सांगायला पडदाच उरलेला नाही.

मी चित्रपट व्यवसायात नाही. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात राहणारा, चित्रपट पाहणारा आणि जमेल तेव्हा चार लोकांना जमवून दाखवणारा माणूस आहे. आमच्यासारख्या गावांत एकेकाळी एखाददुसरी टॉकीज असे. आज तिच्या जागी मंगल कार्यालय, गोदाम, कपड्यांचा सेल किंवा नुसत्या पत्र्याच्या कुंपणामागे वाढलेले गवत असते. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत. त्यांपैकी ज्या तालुक्यांत आज नियमित चालणारे एकही सिनेमागृह नाही, तिथल्या प्रेक्षकाला नवा मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यात पाहायचा असेल, तर जिल्ह्याचे ठिकाण गाठून, तिकीट, पेट्रोल आणि खाणे मिळून चौघांच्या कुटुंबासाठी मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढा खर्च करावा लागतो. तो चित्रपट नाकारत नाही, त्याच्यापर्यंत चित्रपट येत नाही.

माझे म्हणणे एका वाक्यात असे आहे : शासनाचे चित्रपट धोरण चित्रपट बनवण्यासाठी पैसे देते आणि तो दाखवण्याच्या जागेकडे केवळ करवसुली, परवाना आणि भूखंड म्हणून पाहते. जोवर हे बदलत नाही, तोवर अनुदानाचे आकडे कितीही वाढवले, तरी त्या अनुदानातून तयार झालेले चित्रपट सात-आठ शहरांतल्या दुपारच्या खेळांमध्ये एक आठवडा काढून संपतील.

मराठी चित्रपटांना दर्जानुसार मिळणारे अनुदान सर्वांना ठाऊक आहे. ‘अ’ दर्जासाठी चाळीस लाख आणि ‘ब’ दर्जासाठी तीस लाख ही रक्कम वर्षानुवर्षे चर्चेत राहिली आहे. परीक्षण समिती चित्रपट पाहते, गुण देते, राज्याचे चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळ धनादेश काढते. चित्रपट किती गावांत लागला, किती लोकांनी पाहिला, तिकीट किती रुपयांचे होते, याने अनुदानाच्या मूळ कल्पनेत फारसा फरक पडत नाही. अनेक निर्माते प्रामाणिक आहेत आणि या मदतीशिवाय काही फार चांगले चित्रपट निघालेच नसते, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, अनुदानापुरताच काढलेला आणि अटीपुरताच प्रदर्शित केलेला चित्रपट हा प्रकारही याच व्यवस्थेने जन्माला घातला. या महामंडळाच्या कार्यालयाबाहेर उभा असलेला कोणीही हे सांगेल.

आता दाखवण्याच्या जागेचे काय झाले ते पाहू. चित्रपटगृह हे सरकारसाठी आधीपासून दुभती गाय राहिले. मुंबई करमणूक शुल्क कायदा १९२३ चा. त्याखाली वसूल होणारे शुल्क पुढे राज्यात तिकिटाच्या ४५ टक्क्यांपर्यंत गेले. एवढा कर भरून एकपडदा सिनेमागृहे तगून होती, कारण करमणुकीचे दुसरे साधन नव्हते. साधने आली, दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, केबल आली, आणि कर तसाच राहिला. मग २००१ च्या सुमारास मल्टिप्लेक्सना उत्तेजन देण्याचे धोरण आले. पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ आणि पुढची दोन वर्षे त्यातले फक्त पाव भरायचे, अशी सवलत मॉलमधल्या नव्या पडद्यांना मिळाली. त्याच शहरातली, त्याच रस्त्यावरची जुनी टॉकीज मात्र पूर्ण शुल्क भरत राहिली. बाजारात नव्याने जुन्याला हरवले असे आपण सहज म्हणतो. इथे जुन्याला हरवण्यासाठी लागणारी काठी नव्याच्या हाती सरकारनेच दिली होती. मल्टिप्लेक्सला विरोध करण्याचे मला कारण नाही. स्वच्छ पडदा, नीट आवाज, बसायला धड खुर्ची ही त्यांची देणगी आहे आणि तिने प्रेक्षकाच्या अपेक्षा योग्यच वाढवल्या. पण आज देशात सुमारे दहा हजारच पडदे आहेत, २०२३ मध्ये मल्टिप्लेक्सच्या दोन मोठ्या साखळ्या एक झाल्यानंतर त्यांतले सतराशेच्या आसपास एकाच कंपनीकडे गेले, आणि ही कंपनी आमच्या तालुक्यात येणार नाही हे उघड आहे. येऊ नये असेही नाही, तिचे गणितच इथे बसत नाही.

मराठी चित्रपटाला करमणूक शुल्कातून सूट होती, हा तिकीट स्वस्त ठेवण्याचा एक मार्ग होता. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि हा मार्ग बंद झाला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के कर लागला. जानेवारी २०१९ पासून तो अनुक्रमे १२ आणि १८ झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाचच टक्के कर आहे. ही बाब लहान गावांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे चित्रपट व्यवसायाने फारसे लक्ष दिले नाही, कारण शहरात शंभराचे तिकीट उरलेलेच नाही. तालुक्याच्या सिनेमागृहाचे तिकीट ऐंशी-शंभरच असणार आहे. मात्र शंभराची ही रेषा २०१७ पासून जिथल्या तिथे आहे. त्या काळात वीज, पगार, दुरुस्ती सगळे वाढले. वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्राचे मंत्री बसतात. ही मर्यादा दीडशे-दोनशेपर्यंत न्यावी अशी मागणी महाराष्ट्राने करावी, ही माझी पहिली विनंती आहे, आणि ती मान्य होण्याची वाट पाहत बाकीचे काम थांबवण्याचे कारण नाही.

बाकीच्या कामात सर्वांत अवघड जमिनीचा प्रश्न आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

एकपडदा सिनेमागृह गावाच्या किंवा शहराच्या मध्यभागी असते. ज्यांनी १९४० ते १९७० च्या दरम्यान ती बांधली, त्यांनी सहाशे, आठशे, हजार आसनांची बांधली आणि तेवढी माणसे तेव्हा येतही होती. आज त्याच जमिनीची किंमत इतकी झाली आहे की, सिनेमागृहाच्या उत्पन्नातून तिचे व्याजही निघणार नाही. मालकाला ती विकायची असते, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही. दुसरीकडे, सिनेमागृहाच्या जागेवर नवी इमारत उभारताना लहान का होईना सिनेमागृह ठेवले पाहिजे अशी अट विकास नियंत्रण नियमांत आहे. अटीमागचा हेतू चांगला होता. प्रत्यक्षात मात्र ती मालकाला पुनर्विकासापासून रोखते आणि चालू सिनेमागृह वाचवत नाही. त्यामुळे इमारत ना चालते ना पडते. मालकांच्या संघटना अट काढून टाका म्हणतात; चित्रपटसृष्टीतले लोक अट कडक करा म्हणतात. दोन्ही मागण्या मला चुकीच्या वाटतात.

अट काढून टाकली तर काय होईल, याचे उत्तर पुण्यात मंडईजवळ मिळते. १९१५ मध्ये सुरू झालेले आर्यन हे पुण्यातले सुरुवातीचे कायमस्वरूपी चित्रपटगृह. आज ‘आर्यन’ आणि ‘मिनर्व्हा’ या चित्रपटगृहांची नावे तिथल्या वाहनतळांपुरती उरली आहेत. त्याच शहरात अप्पा बळवंत चौकाजवळच्या ‘प्रभात’चा भाडेकरार २०१४ च्या अखेरीस संपला, जागा मूळ मालकांकडे परत गेली आणि पुढे ते ‘किबे लक्ष्मी’ या जुन्या नावाने पुन्हा सुरू झाले. १९३४ पासून मराठी चित्रपटांचे हक्काचे घर असलेली ही वास्तू टिकली ती नियमामुळे नव्हे, मालकांची इच्छा होती म्हणून. लालबागच्या ‘भारतमाता’ची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची आहे, म्हणजे केंद्र सरकारच्याच मालकीची, आणि तरीही गिरणगावातल्या त्या स्वस्त तिकिटाच्या मराठी सिनेमागृहावर भाडेपट्ट्याची तलवार वर्षानुवर्षे टांगलेली राहिली. सरकारी मालकीच्या जमिनीवर ही अवस्था असेल, तर खासगी मालकाला उपदेश करण्याचा अधिकार सरकारला कितपत उरतो?

मधला मार्ग आहे. चर्चगेटचे ‘इरॉस’ १९३८ चे. त्याचे हजारावर आसनांचे सभागृह जाऊन २०२४ मध्ये तिथे सुमारे तीनशे आसनांचा एक पडदा सुरू झाला आणि इमारतीचा बाकीचा भाग दुकानांकडे गेला. दक्षिण मुंबईतले भाडे आणि तिथला आयमॅक्स आमच्या कामाचा नाही, पण रचना कामाची आहे. तालुक्याच्या गावात आठशे आसनांच्या जागी दीडशे आसनांचे एक किंवा शंभर-शंभर आसनांची दोन सभागृहे ठेवायची, तळमजला आणि रस्त्याकडचा भाग दुकानांना, बँकेला, अभ्यासिकेला द्यायचा, आणि या बदल्यात मालकाला अतिरिक्त चटईक्षेत्र (म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी), विकास शुल्कात सूट व सिनेमागृहाच्या भागापुरती मालमत्ता करात सवलत द्यायची. आज अट पाळली गेली की नाही हे नकाशावर ठरते. ते चालू पडद्यावर ठरले पाहिजे. सवलत एकदम न देता दरवर्षी झालेल्या खेळांच्या संख्येवर दिली, तर नकाशात सिनेमागृह आणि प्रत्यक्षात गोदाम हा प्रकार होणार नाही. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली २०२० मध्ये आली आहे. राज्याच्या मोठ्या भागासाठी एकच नियमावली असल्याने ही दुरुस्ती एका अधिसूचनेने होऊ शकते. नगरविकास विभागाने ठरवले तर हे वर्षभराचे काम आहे.

परवान्यांबद्दल थोडक्यात. सिनेमागृहांचा परवाना आजही १९५३ च्या कायद्याखाली आणि १९६६ च्या नियमांखाली दिला जातो. तो जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. हे नियम झाले तेव्हा फिल्म पेट घेत असे, प्रोजेक्टर कार्बनवर चालत असे आणि यंत्रखोलीची रचना हा जिवाचा प्रश्न होता. आज चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येतो. अग्निसुरक्षा आणि बाहेर पडण्याचे दरवाजे यांत कोणतीही सूट मी मागत नाही; देशात याबाबतीत झालेल्या दुर्घटना कोणी विसरू नयेत. पण शंभर आसनांच्या सभागृहासाठी आणि हजार आसनांच्या टॉकीजसाठी तीच कागदपत्रे, बांधकाम विभाग, विद्युत निरीक्षक, अग्निशमन, पोलीस असे तेच फेरे, हे समजण्यापलीकडचे आहे. शंभर-दीडशे आसनांच्या सिनेमागृहाचा वेगळा वर्ग करावा, त्याचा परवाना पाच वर्षांचा असावा आणि अर्ज एकाच खिडकीवर घ्यावा.

ओटीटीमुळे सिनेमागृहे संपली, असे आता सर्रास म्हटले जाते, आणि हे कारण सर्वांना सोयीचे आहे, कारण त्यात कोणाचीच जबाबदारी उरत नाही. मोबाइलमुळे प्रेक्षकाची सवय बदलली, यात शंका नाही. करोनाच्या काळात राज्यातली सिनेमागृहे मार्च २०२० पासून बंद झाली, मध्ये काही महिने निम्म्या क्षमतेने उघडली आणि पुन्हा बंद होऊन ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली. एवढ्या मोठ्या खंडात घरी बसून चित्रपट पाहण्याची सवय लागणारच होती. साधारण चित्रपट आता लोक दोन महिने थांबून घरीच पाहतात. मोठ्या साखळ्या हिंदी चित्रपटांसाठी प्रदर्शन आणि ओटीटी यांच्यात आठ आठवड्यांचे अंतर मागतात. केरळातले सिनेमागृहमालक ४२ दिवसांसाठी भांडत आले आहेत. मराठीत या अंतराबद्दल कोणताही ठाम संकेत नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, ओटीटीच्या बाजारात मराठी चित्रपटाला भाव मिळतो तो बहुधा सिनेमागृहातल्या यशावरून. म्हणजे सिनेमागृह गेले की मराठी चित्रपटाची ओटीटीवरची किंमतही जाते. तमिळ, तेलुगू किंवा मल्याळम चित्रपटाच्या मागे त्या राज्यातले गावोगावचे पडदे उभे असतात, म्हणून तो व्यवहारात ताठ बसतो. आपला निर्माता मात्र तिथे जवळजवळ रिकाम्या हाताने जातो.

आणि प्रेक्षक संपला आहे, हे तर खरेच नाही. एप्रिल २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, तेव्हा ज्या ग्रामीण प्रेक्षकाबद्दल तो आता चित्रपट पाहत नाही असे बोलले जात होते, तोच ट्रॅक्टर-टेम्पोतून आला आणि शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. जून २०२३ च्या अखेरीस आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला चाळिशी-पन्नाशीच्या बायका गटागटाने, नटूनथटून गेल्या; यातल्या कित्येक जणी वर्षानुवर्षे सिनेमागृहात गेल्या नव्हत्या. मला या दुसऱ्या उदाहरणात जास्त शिकण्यासारखे वाटते. माझ्या पाहण्यातल्या बायका संध्याकाळच्या किंवा रात्रीच्या खेळाला गेल्या नाहीत, दुपारच्या खेळाला गेल्या. त्यांनी आधी विचारले ते चित्रपटाबद्दल नाही, स्वच्छतागृहाबद्दल आणि परतीच्या गाडीबद्दल. आमच्याकडची जुनी टॉकीज बायकांनी सोडली ती दूरचित्रवाणी मालिकांच्याही आधी. मोडक्या खुर्च्या, ढेकूण, दारू पिऊन बसलेले लोक आणि आत पाऊल ठेवता येणार नाही अशी स्वच्छतागृहे, ही त्याची कारणे होती. मालकांनी करांबद्दल जेवढी निवेदने दिली, त्याच्या दहाव्या भागाएवढा खर्च या गोष्टींवर केला असता, तर आज त्यांच्या बाजूने बोलायला निम्मे गाव उभे राहिले असते. म्हणून, शासनाने जी काही मदत द्यायची, ती स्वच्छतागृह, वातानुकूलन आणि ध्वनी या तीन गोष्टींच्या तपासणीशी बांधावी. यात कोणालाही सूट नको.

एक तांत्रिक बाब सामान्य प्रेक्षकाच्या नजरेआड राहते. रिळे गेली तेव्हा प्रिंटचा खर्च वाचेल आणि एकाच दिवशी गावोगाव चित्रपट लागेल असे सांगण्यात आले. चित्रपट एकाच दिवशी लागू लागला हे खरे. पण डिजिटल यंत्रणा बसवण्याचा खर्च वसूल करण्यासाठी निर्मात्याकडून प्रत्येक पडद्यामागे जो आकार घेतला जाऊ लागला, तो आजतागायत चालू आहे. मोठ्या हिंदी चित्रपटाला तो जाणवत नाही. दोन-अडीच कोटींच्या मराठी चित्रपटाला मात्र पन्नास लहान गावांत लावण्याआधी हा हिशेब करावा लागतो आणि तो गावेच कमी करतो. यंत्रणा भाड्याने घेतलेल्या सिनेमागृहांवर घातलेल्या अटींबद्दल स्पर्धा आयोगाने २०२५ मध्ये या क्षेत्रातल्या कंपन्यांना दंडही केला आहे. राज्याने स्वतःच्या अनुदानप्राप्त चित्रपटांसाठी तालुका पातळीवरचा हा आकार भरावा किंवा घाऊक दराने ठरवून घ्यावा. चाळीस लाखांच्या अनुदानातले थोडे पैसे इथे वळवले, तरी परिणाम लगेच दिसेल.

परवान्यासोबत येणारी वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवण्याची अट हाही असाच कागदी प्रकार झाला आहे. सकाळच्या खेळांची बेरीज करून ती पूर्ण केली जाते, आणि अधिकाऱ्यालाही बेरीज बरोबर आहे एवढेच पाहायचे असते. दुसरीकडे, मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक एकपडदा सिनेमागृहाला चारही खेळ आम्हालाच द्या, नाहीतर चित्रपट मिळणार नाही, असे सांगू शकतो. मालकाने कोणाचे ऐकावे? चार आठवड्यांची अट तशीच ठेवून तिच्या जोडीला प्रोत्साहन द्यावे : शंभर रुपयांच्या आतल्या, मराठी चित्रपटाच्या प्रत्येक विकल्या गेलेल्या तिकिटामागे सिनेमागृहाला ठरावीक रक्कम. फ्रान्समध्ये १९४६ पासून एक राष्ट्रीय चित्रपट केंद्र आहे. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के आकार घेतला जातो आणि त्यातला भाग सिनेमागृहांच्या दुरुस्तीसाठी व आधुनिकीकरणासाठी सिनेमागृहांकडेच परत येतो. आपल्याकडे तिकिटावरचा कर एकदा गेला की तो चित्रपटाकडे वळून पाहत नाही.

या जागी कोणी तिकिटांच्या कमाल दराचा विषय काढील, म्हणून तोही निकालात काढतो. कर्नाटकाने सप्टेंबर २०२५ मध्ये दोनशे रुपयांची मर्यादा घातली आणि काही दिवसांतच तिला उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. तशी मर्यादा महाराष्ट्रात आली, तर शहरातल्या प्रेक्षकाला बरे वाटेल, वृत्तपत्रांत मथळे येतील आणि एकाही तालुक्यात एकही बंद सिनेमागृह उघडणार नाही.

केरळकडे पाहण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. तिथे १९७५ पासून राज्याचे चित्रपट विकास महामंडळ आहे आणि ते स्वतःची सिनेमागृहे चालवते. तिथे मल्याळम चित्रपट सन्मानाने लागतो, तिकीट आवाक्यात असते आणि खासगी मालकांनाही त्या दर्जाशी स्पर्धा करावी लागते. २०२४ मध्ये त्याच महामंडळाने स्वतःचा ओटीटी मंचही सुरू केला. आपल्या महामंडळाकडे गोरेगावची चित्रनगरी आहे, कोल्हापूरची आहे. म्हणजे चित्रीकरणाची जागा आहे, दाखवण्याची नाही. गोष्ट जिथे सुरू होते तिथेच आपली सरकारी मदत थांबते.

महाराष्ट्राकडे केरळकडे नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे नगरपालिका आणि महानगरपालिकांची नाट्यगृहे. इतकी नाट्यगृहे बांधणारे राज्य दुसरे कोणते असेल असे मला वाटत नाही. त्यांतली मोठ्या शहरांतली सोडली, तर कित्येक नाट्यगृहे वर्षातले बहुतेक दिवस शाळांची स्नेहसंमेलने आणि राजकीय मेळावे यांच्यावर जगतात. तिथे डिजिटल प्रक्षेपक, पडदा आणि ध्वनियंत्रणा बसवून आठवड्यातले ठरावीक दिवस मराठी चित्रपटांना द्यावेत. यात दोन सावधगिरी हव्यात. नाटकाच्या तारखांना धक्का लागता कामा नये. शनिवार-रविवार नाटकाचेच राहावेत. आणि चालवण्याचे काम नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे न देता बंद पडलेल्या टॉकीजच्या मालकांकडे, महिला बचत गटांच्या संघांकडे किंवा फिल्म सोसायट्यांकडे मुदतीच्या कराराने द्यावे. पालिकेच्या नाट्यगृहातली वातानुकूलन यंत्रणा कोणत्या अवस्थेत असते, याबद्दल नाटकवाल्यांनी इतकी वर्षे जे सांगितले आहे, त्यात मी भर घालत नाही.

जिथे नाट्यगृहही नाही, तिथे आपली जुनी सोय आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या यात्रांमध्ये तंबूतले सिनेमे लागत, जुनाट मालमोटारीत यंत्र घेऊन फिरणाऱ्या टूरिंग टॉकीजनी सातारा, सांगली, सोलापूरच्या कित्येक पिढ्यांना पहिला चित्रपट दाखवला. त्या संपल्या, कारण रिळे संपली आणि नवी यंत्रणा घेण्याइतके त्यांचे भांडवल नव्हते. आता हवेने फुगवता येणारी, वातानुकूलित फिरती सिनेमागृहे देशात आली आहेत. २०२१ मध्ये लेहसारख्या उंचावरच्या ठिकाणी असे सिनेमागृह उभे राहिले. गडचिरोली, नंदुरबार, पालघरचा डोंगरी भाग आणि यात्रांचा हंगाम यांसाठी अशी काही सिनेमागृहे महामंडळाने घेऊन जुन्या टूरिंग टॉकीजवाल्यांना चालवायला द्यावीत. मैदानात लोकांना कसे बसवायचे, यात्रेतल्या गर्दीशी कसे बोलायचे आणि पावसाची चिन्हे दिसली की काय करायचे, हे त्यांना कोणत्याही सल्लागार संस्थेपेक्षा जास्त कळते.

आणखी एक मागणी साधी आहे आणि बिनखर्चाची आहे. आपल्या राज्यात कोणत्या चित्रपटाची किती तिकिटे कोणत्या तालुक्यात विकली गेली, याचा सार्वजनिक आकडा मिळत नाही. निर्माता एक सांगतो, वितरक दुसरे, समाजमाध्यमांवर तिसरेच फिरते. मदत घेणाऱ्या प्रत्येक सिनेमागृहाने संगणकीय तिकीट द्यावे आणि त्याचे आठवड्याचे आकडे महामंडळाने आपल्या संकेतस्थळावर टाकावेत. अनुदान कोणाला मिळावे, कुठला पडदा चालतो, कुठल्या भागात कोणता चित्रपट पाहिला जातो, हे वाद त्या आकड्यांनी निम्मे मिटतील. उरलेले निम्मे आपण आनंदाने घालू.

सिनेमागृहाचा परवाना गृह विभागाकडे, जमीन नगरविकासाकडे, अनुदान सांस्कृतिक कार्य विभागाकडे, कर अर्थ विभागाकडे आणि विजेचा दर आणखी कोणाकडे, अशी आज वाटणी आहे. यामुळे प्रत्येक विभागाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते. या सर्वांची एक समिती नेमा, असे मी सुचवत नाही. समित्या पुष्कळ झाल्या. सुरुवात एका कामाने करावी. परवान्याचे काम जिल्हाधिकारी कार्यालयांत होते, त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात एकेका सिनेमागृहाची फाइल आहे : परवाना कधी दिला, आसने किती, नूतनीकरण शेवटचे कधी झाले, बंद कधी पडले, जमीन कोणाच्या नावावर आहे, न्यायालयात वाद आहे का. सर्व ३६ जिल्ह्यांतून ही माहिती मागवून तालुकावार यादी जाहीर करावी, आणि तिच्यात तीन रकाने असावेत : चालू सिनेमागृहे, बंद पण इमारत उभी असलेली सिनेमागृहे, आणि जिथे पडदाही नाही व इमारतही नाही असे तालुके. पहिल्या टप्प्यात दुसऱ्या रकान्यातली, वाद नसलेली आणि मालकाची तयारी असलेली सिनेमागृहे घ्यावीत. त्यांच्यासाठी वर सांगितलेली चटईक्षेत्राची सवलत, लहान सिनेमागृहाचा परवाना आणि तिकिटामागचे प्रोत्साहन एकत्र लागू करावे, मग ती संख्या वीस असो वा दोनशे.

ही यादी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी सभागृहासमोर ठेवावी, अशी विनंती आहे. आमच्या तालुक्याच्या नोंदीसाठी लागणारी माहिती, बंद टॉकीजच्या सध्याच्या मालकांच्या संमतीसह, मी जिल्हाधिकारी कार्यालयास लेखी देण्यास तयार आहे. या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः न पाठवता जाहीर स्वरूपात द्यावे, म्हणजे इतर तालुक्यांतल्या लोकांनाही आपापली माहिती कोणाकडे द्यायची ते कळेल.

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक प्रेक्षक